पाढ्यांच्या आडोशाला

बाई, मला लिहिता येत नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तेव्हा हे अक्षर कुणाचं ते आधी सांगून टाकते. माझ्या थोरल्या लेकाची पोरगी समोर पाटावर बसली आहे, मांडीवर वही आहे, आणि मी बोलेन तसं ती उतरवते आहे. आठवीत आहे. आईबापाजवळ कुपवाडला राहते, बाप तिथं कारखान्यात कामाला आहे. आज रविवार म्हणून सकाळच्या एसटीनं गावाकडं आली, ती माझी आठवण येऊन नव्हे, शाळेचा अभ्यास घेऊन. वही उघडायच्या आधी मला विचारते, "आजी, तू बोलतीस तसं लिहू का शाळेत चालंल तसं?" मी म्हटलं, शाळेत चालेल तसं लिही, आमची बाई साताऱ्याची होती, तिला धेडगुजरी खपायचं नाही. म्हणून मी हाय म्हणते आणि कागदावर आहे बसतं. तुम्ही म्हणाल, ही एवढं शुद्ध कधी शिकली? शिकले नाही बाई. भाड्यानं आणलंय.

अभ्यास काय, तर हिच्या वर्गाच्या मॅडम दर शनिवारी एक तास फोनचा घेतात. फोन कसा चालवायचा ते पोरांना पोटातून येतं, ते नाही शिकवत. कुणाचं काय पाठवायचं, काय नाही पाठवायचं, आपलं कुठवर उघडं ठेवायचं, दुसऱ्याचं आपल्या हातात आलं तर काय करायचं, असलं शिकवतात. आता त्यांनी सांगितलंय की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, फोन नव्हते तेव्हा माणसं आपली खासगी गोष्ट कशी सांभाळत होती, आणि त्या काळातल्या कुणाला तरी पत्र लिहून आणा. मी लगेच म्हटलं, माझ्या बाईंना लिही. पोरगी म्हणाली, "तू तर शाळेतच गेली नाहीस, तुला बाई कुठली?" म्हटलं तेच तर लिहायचंय, पेन चालव.

तर बाई, तुमची ती शाळेमागची खोली. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा निम्म्या घरांतले गडी फौजेत होते. आमचे मालक फौजेत, थोरले दीर फौजेत. घरात आम्ही दोघी जावा, सासू आणि चार जनावरं. निळं पत्र यायचं आणि ते घरात कुणालाच वाचता यायचं नाही. पोस्टमन वाचून दाखवायला तयार असायचा, पण तो चावडीवर उभा राहून वाचायचा, जणू तमाशाची जाहिरात. म्हणून बाया तुमच्याकडं यायच्या, दुपारच्या सुट्टीनंतर, पदराखाली पत्र घेऊन. तुम्ही एकेकीला खोलीत घ्यायचा आणि दार लोटायच्या आधी डोकं बाहेर काढून ओरडायचा, "पोरांनो, तेराचा पाढा! जोरात! मला आत ऐकू आला पाहिजे!" चाळीस पोरं छप्पर उडेल अशी सुरू व्हायची, तेरा एके तेरा, तेर दुणे सव्वीस, आणि त्या गोंगाटाच्या आडोशाला तुम्ही माझ्या कानाशी बसून ह्यांचं पत्र हळू वाचायचा. ओट्यावर कान देऊन बसलेल्या म्हाताऱ्यांना पाढ्याशिवाय काही मिळायचं नाही. पत्र लांब असलं तर एकोणीसचा लावायचा. एकोणीसचा दोनदा लागला की गावातल्या बाया हातातलं काम टाकून गप्प उभ्या राहायच्या, कुणाच्या घरची काय बातमी आली म्हणून. मला एक अक्षर येत नाही पण तेराचा पाढा अजून तोंडपाठ आहे, आणि तो ऐकला की या वयात कानाच्या पाळ्या गरम होतात. पोरगी हसते आहे. हस. तुझ्या आजोबाला बोलता येत नव्हतं फारसं, पण लिहायला लावलं की लय बोलायचा.

एक पत्र असं होतं की ते वाचताना तुमचाही आवाज खाली गेला. गाव ह्यांना वाघ म्हणायचं, त्या पत्रात वाघाचं काही नव्हतं. एवढंच सांगते. पोरीनं मान वर केली आहे, काय होतं म्हणून. नाही सांगणार. तो माणूस गेला, बाई गेल्या, मी जाईन. तुम्ही ते वाचलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं, आणि पुढं सोळा वर्षं ह्याच गावात राहिलात. पेन्शन घेऊन हे घरी आले, तुम्हाला रस्त्यात भेटले की राम राम करायचे, आणि तुम्ही त्यांच्याकडं बघायचा ते वाघाकडं बघितल्यासारखंच. ते पत्र दोन बायकांनी मिळून वाचलंय, हे तुमच्या डोळ्यांवरून त्यांना कधी कळलं नाही. मला वाटायचं, एवढं पोटात ठेवायला ह्या बाईला पोट तरी केवढं.

आणि तुम्ही मला बोललात तो दिवस. जाऊबाईंना पत्र आलं होतं, माझ्याहून जाड. तुम्ही एकोणीसचा लावलात. माझा जीव थाऱ्यावर नाही. दुसऱ्या दिवशी ताकाचं लोटकं घेऊन तुमच्या दाराशी आले आणि लाडात येऊन म्हटलं, "बाई, आमच्या थोरल्या भावजींनी काय वो एवढं लिवलं?" तुम्ही वह्या तपासत होता. मान वर केली नाही. म्हणालात, "उद्या ती येऊन तुझ्या पत्रातलं विचारेल. सांगू?" मग म्हणालात, "तुम्हाला वाचता येत नाही म्हणून तुम्ही माझे डोळे घेता. मी ते डोळे दुसऱ्याच्या घरात फिरवायला लागले तर उद्या माझ्यासमोर पत्र कोण उघडेल? ताक ठेव आणि जा." ताक ठेवून आले. एवढी शरम वाटली की आठ दिवस शाळेच्या वाटेनं गेले नाही, पाण्याला लांबच्या आडावर जायची. जाऊबाईंच्या पत्रात काय होतं ते मला आजवर माहीत नाही. त्याही म्हाताऱ्या झाल्या, मीही झाले, विचारलं तर सांगतीलही. पण जाऊ दे.

तुम्ही मला पाटी आणून दिली होती. तीनदा म्हणालात, ये, महिन्याभरात पत्र वाचायला शिकशील. मी म्हणायचे, म्हशीला शिकवा बाई, ती लवकर शिकंल. खरं कारण आज सांगते, इतकी वर्षं झाली. मला वाचता आलं असतं तर तुमच्याकडं यायचं निमित्त गेलं असतं. त्या खोलीतली ती दहा मिनिटं सोडली तर सासूच्या नजरेबाहेर मी कुठं होते? मग तुमची बदली झाली तेव्हा तुम्ही पाटी परत मागितली नाही, उलट बिस्किटाचा एक मोठा डबा दिलात, पत्रं ठेवायला. म्हणालात, कुलूप नाही ह्याला, पण झाकण घट्ट आहे, उघडताना आवाज होतो, कुणी उघडला तर तुला कळेल. तो डबा अजून आहे. गंजलाय, पण अजून ओरडतो. तुम्ही साताऱ्याला गेलात आणि पाच-सहा वर्षांनी कळलं की गेलात. कुणी कळवलं तेही चावडीवर उभं राहूनच.

आता फोनचं. लेकानं मला बोटानं घासायचा फोन आणून दिला. नावं वाचता येत नाहीत म्हणून ह्या पोरीनंच चित्रं लावून दिली. लेकाचं चित्र मोटारसायकलवर, साताऱ्याला दिलेल्या लेकीचं तिच्या दारातल्या जास्वंदीचं, आणि भावकीचा जो ग्रुप आहे, ज्यात सत्तर-ऐंशी माणसं दिवसभर गुड मॉर्निंग करतात, त्याचं देवळाचं शिखर. बोलायचं असलं की त्या माइकच्या चित्रावर बोट दाबून धरायचं आणि बोलायचं. मला फार आवडलं. जन्मात पहिल्यांदा माझं पत्र मीच लिहिल्यासारखं झालं, तेही सासूला न विचारता.

ही पोरगी अडखळते, बाई. हिचा शब्द दाराशी येऊन थांबतो. घरात सगळे तिच्यावर जीव टाकतात, म्हणून तिचं वाक्य तेच पुरं करतात. बाप पुरं करतो, आई पुरं करते, दुकानदार पुरं करतो. मी करत नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही, मला दिवसभर कामच काय आहे? पोरगी सगळ्यांना लिहून पाठवायची, मैत्रिणींना, मामाला. मला लिहून चालत नाही. त्यामुळं जगात मी एकटी अशी, जिला तिला बोलूनच सांगावं लागायचं. रोज एक आवाज यायचा. शाळेतून आल्यावर काय खाल्लं, शेजारणीच्या मांजरीनं काय केलं, गणिताला किती पडले. मध्ये थांबायची, श्वास घ्यायची, स्वतःलाच "अगं बोल की" म्हणायची, मग पुढं जायची. मी ते परसात बसून दोन-दोनदा ऐकायची. हे लिहिताना तिनं मान खाली घातली आहे. लिही, तुझंच कौतुक आहे.

जत्रा आली. पाव्हणे आले, लेक साताऱ्याहून आली. आम्ही बाया चुलाणावर मटणाची पातेली चढवून पुऱ्या लाटत होतो. पाव्हण्यांपैकी कुणी तरी पोरीला नाव विचारलं. नावच तिला सगळ्यात जड जातं. ती उभी, ओठ हलतायत, सगळे बघतायत. आणि जाऊबाई पुरी तळता तळता म्हणाल्या, "आवं तिला काय इचारताय, मुकीच हाय ती म्हना की! आमच्या धाकल्या घरात कुणालाच तोंड न्हाई. हिचा आज्जाबी तसलाच, भिंतीसारखा." बाया हसल्या. पोरगी घरात गेली. माझ्या हातात लाटणं होतं, ते मी कसं खाली ठेवलं ते देवाला माहीत. मी म्हटलं, "जाऊबाई, पुरी करपली." एवढंच मला सुचलं. पुरी करपली नव्हती.

चार दिवसांनी कुपवाडहून पोरीचा आवाज आला. वर्गात दोन मिनिटं बोलायचं होतं, प्रत्येकानं आपल्या गावची एक गोष्ट. हिनं आमच्या विहिरीचा गाळ काढला ती गोष्ट घेतली होती. मी नवी नवरी असताना माझ्या हातून विहिरीत पितळेची कळशी पडली होती, सासूनं वर्षभर त्यावरून ऐकवलं, आणि गेल्या उन्हाळ्यात गाळ काढताना ती चेपलेली वर आली. ती गोष्ट पोरीनं इतकी नामी सांगितली होती की सासू पुन्हा जिवंत होऊन ओरडेल असं वाटलं. फक्त क तिला अडतो. कळशीवर तीनदा अडली. क, क, क. एकदा स्वतःच हसली. शेवटी म्हणाली, "आजी, अजून नीट जमत नाही. उद्या परत म्हणून बघते. हे फक्त तुला."

फक्त तुला. बाई, मी ते भावकीत पाठवलं.

बोटानं दाबलं आणि गेलं. तुम्ही पत्राची घडी घालून हातात द्यायचा तेवढाही वेळ लागला नाही. पुढची हकीकत सांगायला मला अवघड जातंय पण पोरीला ती माहीतच आहे. भावकीतली निम्मी घरं कामाधंद्यासाठी कुपवाडलाच आहेत आणि त्यांची पोरं हिच्याच शाळेत. कुणी तरी तेवढाच तुकडा कापला, क, क, क, आणि त्याला हलगी जोडली. जत्रेत वाजते तशी. सोमवारी ही वर्गात गेली तर फोनांतनं ते वाजत होतं. "कळशी आली, कळशी आली." पोरगी आठ दिवस शाळेत गेली नाही. दोन मिनिटांचं बोलणं राहिलंच. आणि आवाज बंद झाला. मला पाठवायचं तेही बंद. मी फोन केला तर म्हणाली, "आजी, आ-आवाज नको आता. मी लिहून पाठवते, कुणाकडून तरी वाचून घे." त्या दिवसापासून ती मला लिहून पाठवते. फोन उघडला की काळ्या ओळी दिसतात. बोट ठेवलं तरी बोलत नाहीत. लेक म्हणतो, आण आई, वाचून दाखवतो. मी देत नाही. पोरीनं मला लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून कशाला? ह्या गावात आता पाढे लावून वाचणारी बाई कुणी राहिलेली नाही. अकरा आलेत, अकराच्या अकरा न वाचता पडून आहेत.

घरात विचारणा झाली तेव्हा मी काय सांगितलं, तेही लिही. जत्रेत पालखी निघाली तेव्हा माझ्या साताऱ्याच्या लेकीनं तिचा फोटो काढला आणि जास्वंद काढून आपलं चित्र म्हणून पालखी लावली. भावकीच्या ग्रुपवरही त्याच दिवशी कुणी तरी शिखर काढून पालखीच लावली. मी म्हटलं, "आता गं बया! दोन्हीकडं पालखीच, मला अडाणी बाईला काय कळतंय? मी आपली लेकीला पाठवाया गेले." लेक कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, तुझी काय चूक न्हाई, आमीच चित्रं नीट बघाया पायजे हुती." सून म्हणाली, जाऊ द्या, म्हाताऱ्या माणसाला कशाला बोलायचं. पोरीनं तर आत्याला का पाठवत होतीस एवढंही विचारलं नाही. तेवढंही पोटात घातलं.

मग त्या मॅडमनी निरोप धाडला की पुढच्या शनिवारी वर्गात घरातलं एकेक मोठं माणूस घेऊन या. पोरगी म्हणाली आजीच पाहिजे. मी एसटीनं गेले. माझं वय ते काय, आणि बसले पोरांच्या बाकावर, गुडघे पोटात घालून. तुमच्या शाळेत नुसती दाराबाहेर बसायची, ही बढती मिळाली म्हणायची. मॅडम पोरसवदा आहेत, तुमच्यासारख्या कडक नाहीत, पण डोळे तसेच. त्यांनी काय केलं, चिमूटभर गुलाल आणला आणि पहिल्या बाकावरच्या पोराच्या तळहातावर ठेवला. म्हणाल्या, "हा तुझा. आता शेजाऱ्याशी हात मिळव. त्यानं त्याच्या शेजाऱ्याशी." हात मिळवत मिळवत गुलाल बाकाबाकांवरून फिरला. पोरं खिदळतायत, पांढरे सदरे गुलाबी झाले, वह्यांना लागला, एकानं नाक खाजवलं ते नाक गुलाबी. शेवटी माझ्या हाताशी आला. मग मॅडम म्हणाल्या, "आता हा ज्याच्या हातून निघाला त्याला सगळा गोळा करून परत द्या." पोरं तळहात खरवडायला लागली, सदरे झटकायला लागली, आणि झटकेल तसा तो आणखी पसरला. हळूहळू खिदळणं थांबलं. मॅडम म्हणाल्या, "फोनवर काही पुढं ढकलताना एवढं आठवा. ते कुणाचं आहे? त्याला विचारलं का? तो आत्ता शेजारी उभा असता तर आपण दाबलं असतं का?" मी माझ्या हाताकडं बघत होते. रेषारेषांत गुलाल.

तिथवर ठीक होतं. पण मग त्या म्हणाल्या, "आणि आपल्याकडून नकळत चूक होऊ शकते. या आजी बघा. यांना वाचता येत नाही, दोन चित्रं सारखी होती. यांची काय चूक? मोठ्यांना फोन लावून देताना आपण नीट दाखवलं पाहिजे. पण ज्यांनी तो तुकडा कापला, त्यांना वाचता येत होतं." सगळा वर्ग माझ्याकडं बघतोय, आणि बघतोय तो दयेनं. मी काय केलं बाई? पदर जरा पुढं ओढला. आणखी म्हातारी दिसले. आणि तेवढ्यात ही पोरगी उभी राहिली. कुणी उभं राहा म्हटलं नव्हतं. जी आठ दिवस घरात बसली, ती तिला हसलेल्या पोरांच्याच पुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मा-माझ्या आजीनं मु-मुद्दाम नाही पाठवलं. ती माझं क-क-कधी कुणाला सांगत नाही." किती वेळ लागला ते मला माहीत आहे, तिच्या प्रत्येक थांब्याला माझा श्वास थांबत होता. कुणी हसलं नाही. मॅडमनी वाक्य पुरं केलं नाही, तिलाच करू दिलं. मग पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी उठून हात जोडले, निवडणुकीला उभी राहिल्यासारखी. गुलाल होताच हाताला.

पोरी, उठ, दार लोटून घे आणि परत बस. शेजारची गिरण चालू आहे तोवर सांगून टाकते. नुसतं लिही, वर बघू नको, काही बदलू नको.

बाई, दोन्ही चित्रं सारखी नव्हती. माझ्या लेकीनं पालखीचा फोटो काढला तेव्हा घाईत तिचं बोट कोपऱ्यात आलं होतं. तांबूस, जाडसर, अंगठीसकट. जन्माला घातलेल्या लेकीचं बोट मला कळणार नाही? चाळीस शेळ्यांतली आपली शेळी कानावरून ओळखणारी बाई मी. भावकीच्या चित्रात बोट नव्हतं. मी आधी लेकीच्या चित्रावर थांबले होते. मग खाली गेले. बोट नसलेलं चित्र शोधलं आणि दाबलं. मला जाऊबाईंना ऐकवायचं होतं. बघ म्हणावं, मुकी म्हणतेस, ऐक कशी बोलते. पोरीचं कौतुक म्हणून नाही पाठवलं, लाटणं हातात असताना जे बोलायचं राहिलं ते पोरीच्या तोंडानं बोलले. आणि ती "फक्त तुला" म्हणाली ते मी ऐकलं होतं. दोनदा ऐकलं होतं, रोजच्यासारखं. त्या दुपारी ग्रुपवर अंगठे यायला लागले, एकावर एक, आणि सोमवारी संध्याकाळी लेकाचा फोन येईपर्यंत मी लय खुशीत होते. त्या दिवशी चहात साखरसुद्धा जास्त घातली. मग जे झालं ते झाल्यावर मला अडाणीपणा आठवला. जन्मभर ज्याची लाज वाटली त्याच्यामागं जाऊन लपले. वाचता येत नाही हे खरं आहे, म्हणून बाकीचंही सगळ्यांनी खरं धरलं. तुम्ही ते डोळ्यांचं बोलला होता ना, तो दिवस मला दाबताना आठवला नाही. वर्गात आठवला, टाळ्या वाजत होत्या तेव्हा.

पोरीनं हे सगळं लिहिलं. पेन मध्ये थांबलं, पण लिहिलं. मग वही खाली ठेवून परसात गेली. हापशाचा आवाज आला बराच वेळ, भांडं भरून सांडलं असेल तरी हापसत होती. परत येऊन बसली तेव्हा हात ओले होते, ते कागदाला लागलेत, दिसेल तुम्हाला. म्हणाली, "आजी, म्हणजे मी वर्गात..." आणि अडली. मी वाक्य पुरं केलं नाही. मला ते काय आहे ते कळलं होतं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की पुरं करून टाकावं, निदान तिच्या तोंडून तरी ऐकावं लागणार नाही. पण थांबले. गिरण चालू होती. ती म्हणाली, "म्हणजे मी वर्गात खो-खोटं बोलले."

मी म्हटलं, "व्हय. माझ्यापायी."

तिनं वही परत मांडीवर घेतली. मी विचारलं, हे पत्र मॅडमना देणार का, द्यायचं असलं तर दे, आता तूच ठरव. ती म्हणाली, "नाही. हे तू लिहिलंस, तुझं आहे. त्यांना मी दुसरं लिहून देते, पाढ्यांचं. हे तू तोंडानं सांगायचं. येत्या शनिवारी. वर्गात." मी म्हटलं, सगळ्यांपुढं? म्हणाली, "मी स-सगळ्यांपुढंच बोलले होते." मग मी हळूच फोन पुढं केला, म्हटलं, ते अकरा तेवढे वाचून दाखव की. तिनं फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "शनिवारनंतर." बाई, थेट तुमचा आवाज. ताक ठेव आणि जा.

आता गिरण थांबली. हा कागद डब्यात जाईल, निळ्या पत्रांच्या वर, झाकण ओरडेल आणि मग गप्प बसेल. तुम्हाला पोचायचा प्रश्नच नाही, आणि खरं तर पोचवायचं होतं ते समोरच बसलं होतं. एवढंच राहिलं. मी पोरीला म्हटलंय, शनिवारी बघते, सकाळची एसटी मिळाली तर येते, हल्ली गाड्यांचा काही भरवसा नाही. ती मिळते, बाई. रोज मिळते. आपल्या दारावरून जाते. तेही लिही.